हळदीचा गुण, कागदाची साक्ष : एका पेटंटच्या पराभवाचा इतिहास

उदगीर हे नाव ऐकले की इतिहासप्रेमींना 3 फेब्रुवारी 1760 आठवतो. सदाशिवरावभाऊंनी या मोहिमेत निजामाला नमवले आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख मराठ्यांच्या पदरात पडला. ही गोष्ट आज ठामपणे सांगता येते, कारण तिच्यामागे कागद आहेत. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्याच खंडात 1750 ते 1761 या काळातील पत्रव्यवहार आहे. पत्रे नसती तरी लढाई झालीच असती; ती सिद्ध करणे मात्र जड गेले असते.

त्याच उदगिरात, आणि मराठवाड्यातील कोणत्याही गावात, विळीवर बोट कापले की चिमूटभर हळद दाबून धरतात. मुक्या माराला हळदीचा लेप लावतात. हे ज्ञान केव्हापासून आहे, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘पूर्वीपासून’. साक्षीदार घरोघरी, पण तारीख घातलेला कागद कोणाच्याही घरी नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयासमोर नेमका हाच फरक कळीचा ठरला. पदार्थाच्या अंगी असलेला गुण कोणाच्या मालकीचा होऊ शकतो का, आणि तो आधीपासून ठाऊक होता हे सिद्ध कशाने होते, या दोन प्रश्नांचा हा धागा.

28 मार्च 1995 रोजी अमेरिकेत 5401504 क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे : सुमन दास आणि हरिहर कोहली. हक्क मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होते. एकूण 6 दावे होते. त्यांतील मुख्य दाव्याचा आशय एवढाच की, जखमी माणसाला परिणामकारक प्रमाणात हळदीची पूड द्यावी, म्हणजे जखम भरण्यास चालना मिळते. पूड पोटात घ्यावी किंवा जखमेवर लावावी, दोन्ही मार्ग त्यात आले होते.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले’ हे वाक्य गेली 3 दशके भाषणांत फिरत आहे. पेटंट हळदीचे नव्हते, तर हळद वापरण्याच्या एका पद्धतीचे होते. आणि त्याची सत्ता अमेरिकेच्या सीमेपुरतीच होती. उदगीरच्या आजीवर कोणी दावा लावू शकले नसते. धोका वेगळा होता. त्या बाजारपेठेत जखमेवरचे औषध म्हणून हळद विकणाऱ्या कोणालाही परवानगी मागावी लागली असती, आणि शतकानुशतकांच्या ज्ञानाचे जनकत्व अधिकृत नोंदवहीत 1990 च्या दशकातील दोन नावांवर चढले असते. आणखी एक गंमत अशी की, भारतात सूज आणि मुरगळ यांवर हळद पूर्वापार वापरली जाते, ही कबुली पेटंटच्या मजकुरातच होती.

मग पेटंट मिळाले कसे? पेटंटसाठी मुख्यतः दोन अडथळे ओलांडावे लागतात. पहिला नावीन्याचा : ती गोष्ट आधी ठाऊक नसावी. दुसरा स्वयंस्पष्टतेचा : ती अगदी तशीच आधी नसली, तरी त्या क्षेत्रातील सामान्य जाणकाराला सहज सुचेल इतकी उघड नसावी. आधीपासून उपलब्ध असलेल्या ज्ञानाला या कायद्यात पूर्वज्ञान म्हणतात. रसायने, मिश्रधातू, औषधे यांच्या वादांत या दोन अडथळ्यांच्या मध्ये एक तिसरा मुद्दा नेहमी उभा राहतो, तो म्हणजे अंगभूत गुणधर्म.

अमेरिकेतील तीन खटले पाहिले की हा मुद्दा लख्ख होतो. टायटॅनियममध्ये थोडे निकेल आणि थोडे मॉलिब्डेनम मिसळले की तो मिश्रधातू तापलेल्या खाऱ्या पाण्यातही गंजत नाही, असा शोध लावून एका कंपनीने त्या मिश्रधातूवरच हक्क मागितला. 1970 च्या एका रशियन लेखातील आलेखात मात्र त्याच प्रमाणाचा मिश्रधातू एका ठिपक्याच्या रूपाने आधीच हजर होता. गंजण्याविषयी त्या लेखात चकार शब्द नव्हता. 1985 मध्ये न्यायालयाने सांगितले की मिश्रधातू जुना आहे; त्याचा नवा गुण ध्यानात आला म्हणून तो नवा होत नाही.

दुसरा खटला स्वयंपाकघराच्या अधिक जवळचा आहे. ब्रोकोलीच्या कोवळ्या मोडांत कर्करोगाला अटकाव करू शकणारी काही द्रव्ये विपुल असतात, असे संशोधकांना आढळले, आणि असे मोड वाढवून खाण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. 2002 मध्ये ते टिकले नाही. मोड लोक आधीपासून काढत होते आणि खात होते. त्यांतील द्रव्य प्रयोगशाळेने ओळखण्यापूर्वीही तेथेच होते. मटकीला मोड आणणाऱ्या कोणत्याही घराला हा निकाल समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरा, 2003 चा, सर्वांत टोकाचा. ऍलर्जीवरील लोराटाडिन हे औषध गिळल्यावर शरीरात त्याचे रूपांतर होऊन एक वेगळे रसायन तयार होते. त्या रसायनावर स्वतंत्र पेटंट होते. न्यायालय म्हणाले की जुने औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या शरीरात ते आपोआप तयार होत होते. ते तयार होते हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नसले तरी ते नवे नाही. थोडक्यात, नावीन्याच्या प्रश्नात अज्ञान हा बचाव नाही.

हाच नियम हळदीला लावला तर प्रकरण एका दुपारी संपायला हवे होते, असे वाटते. तसे झाले नाही, आणि त्याची कारणे दोन.

पहिले कारण तर्काचे. नावीन्याच्या प्रश्नात जो अंगभूत गुण निर्णायक ठरतो, तोच स्वयंस्पष्टतेच्या प्रश्नात लंगडा पडतो. एखादी गोष्ट उघड आहे असे म्हणायचे, तर ती कोणाला तरी दिसायला हवी. जे कोणालाच ठाऊक नव्हते ते उघड कसे? 1966 च्या एका रासायनिक प्रक्रियेच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला होता : पदार्थात असणे वेगळे, माणसाला ठाऊक असणे वेगळे. हळदीच्या बाबतीत हा भेद फार जाचक आहे. आपल्याकडे ती क्वचितच एकटी येते. चुना, तेल, तूप, कडुनिंब, मीठ असा सोबती बरोबर असतोच. मग जखम भरली ती हळदीने की सोबत्याने? जुन्या ग्रंथात हळद दहा द्रव्यांच्या लेपात आलेली असेल, तर त्यातून ‘केवळ हळदीची पूड’ उघड होते का? हे प्रश्न प्रतिपक्षाने काढलेल्या पळवाटा वाटतील, पण ते खोटे नाहीत.

दुसरे कारण कायद्याचे, आणि ते अधिक खटकणारे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात पूर्वज्ञानाची व्याख्याच दुहेरी होती. अमेरिकेत एखादी गोष्ट लोकांना ठाऊक असणे किंवा वापरात असणे पुरेसे होते. परदेशातील गोष्ट असेल, तर ती पेटंटमध्ये किंवा छापील प्रकाशनात आलेली असणे आवश्यक होते. म्हणजे मिसिसिपीतील एखाद्या आजीने जखमेला हळद लावली असती तर तो वापर पुराव्यात आला असता. उदगिरातील कोट्यवधी चिमटींना किंमत शून्य. इतिहासाच्या अभ्यासकांना ही वृत्ती अपरिचित नाही. कागद नाही तर घटना नाही, असे मानणारी शाळा आपल्याकडेही होती, आहे.

या पेटंटला आव्हान देण्याचा निर्णय घेतला तो वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजेच सीएसआयआरने. 1995 च्या जुलैमध्ये तिचे महासंचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे गोव्यातील माशेलचे, मुंबईत वाढलेले, रसायन अभियांत्रिकीचे अभ्यासक आणि त्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. त्यांना ना गुणधर्माचे रसायन समजावून सांगावे लागले असते, ना हळदीचा घरगुती उपयोग. 1996 च्या ऑक्टोबरअखेर फेरतपासणीचा अर्ज दाखल झाला. व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्रांतून या प्रकरणाला पुढे ‘हळदीघाटीची लढाई’ हे नाव पडले. नाव चटकदार आहे. मात्र या लढाईतील शस्त्रे ग्रंथालयातून आली होती.

कारण कायद्याला वापर नको होता, छापील पान हवे होते. शोध घेऊन 32 संदर्भ गोळा करण्यात आले. त्यांतील काही 100 वर्षांहून जुने होते, आणि ते संस्कृत, हिंदी व उर्दू अशा भाषांत विखुरलेले होते. ‘हरिद्रा’ चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत आहे. व्रणचिकित्सा हा तर सुश्रुतपरंपरेचा मोठाच विषय. पण प्राचीन वचनांपेक्षाही उपयोगी पडणारा एक साधा कागद होता : इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील 1953 चा लेख. आधुनिक वैद्यकाच्या भाषेतला, तारीख असलेला, परीक्षकाच्या टेबलावर ठेवण्यासारखा.

उर्दूचा उल्लेख मराठवाड्यातील वाचकाला विशेष वाटावा. उदगीर तालुका 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, आणि बीदर हैदराबाद संस्थानात. 19व्या शतकाच्या अखेरीपासून 1948 पर्यंत तेथील कचेरीची भाषा उर्दू होती. युनानी वैद्यकाची छापील पुस्तकेही मोठ्या प्रमाणावर उर्दूतच निघाली. म्हणजे ज्या लिपीतील कागद आज मराठवाड्यातील अनेक घरांत न वाचता आल्यामुळे माळ्यावर पडून आहेत, त्याच लिपीतील छपाई वॉशिंग्टनजवळच्या त्या कार्यालयात साक्षीला उभी राहिली. घरात जुनी उर्दू पुस्तके असणाऱ्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा तरी कोणाकडून वाचून घ्यावीत.

आव्हान आल्यावर विद्यापीठाने प्रकरणातून अंग काढून घेतले आणि हक्क दोन्ही संशोधकांकडे सोपवले. त्यांनी मात्र लढायचे ठरवले. त्यांचा युक्तिवाद या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मननीय भाग आहे. जुन्या साहित्यात हळदीचा लेप आहे, आमचा दावा पुडीचा आहे, असे ते म्हणाले. पूड आणि लेप यांचे भौतिक गुणधर्म वेगळे. शरीरात शोषले जाण्याची, उपलब्ध होण्याची क्षमता वेगळी. म्हणून लेपाने जे होते ते पुडीनेही होईल, असे जाणकार गृहीत धरणार नाही. स्वयंपाकघरात उभे राहून हे ऐकले तर हसू येईल. पूड पाण्यात कालवली की लेप होतो. पण कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद नेमका त्या फटीत बसवलेला होता, जेथे अंगभूत गुण संपतो आणि स्वयंस्पष्टता सुरू होते.

परीक्षकाने तो मानला नाही. 1997 मध्ये सर्व 6 दावे फेटाळले गेले. ऑगस्टमध्ये ही बातमी भारतभर पोचली. संदर्भांतून हा उपयोग आधीच ज्ञात होता, आणि जेथे तंतोतंत तसा नव्हता तेथे तो उघड होता, असे दोन्ही आधार घेतले गेले. 21 एप्रिल 1998 च्या प्रमाणपत्राने पेटंटचा औपचारिक शेवट झाला. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावर आधारलेले अमेरिकी पेटंट अशा रीतीने रद्द होण्याची ही पहिली घटना म्हणून ती सांगितली जाते.

या निकालाने काय सिद्ध झाले नाही, तेही पाहायला हवे. हळदीने जखम भरते की नाही, हा प्रश्न तेथे निकालात निघालाच नाही. तो पेटंट कार्यालयाचा प्रश्नही नव्हता. ‘अमेरिकेनेही हळदीचे औषधी गुण मान्य केले’ असे जे अभिमानाने लिहिले जाते, त्याला या निकालात आधार नाही. परीक्षकाने मान्य केले ते एवढेच की, हे आधी लिहून ठेवलेले आहे.

पुडी-लेपाचा वाद निकालाबरोबर संपला नाही. तो मोठ्या कपड्यांत पुन्हा आला. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेट या औषधाच्या बीटा स्फटिकरूपावर नोवार्टिस कंपनीने भारतात पेटंट मागितले. हे रूप अधिक सहज वाहते, अधिक स्थिर राहते, ओल कमी धरते, असा तिचा दावा होता. शरीरातील उपलब्धतेचा मुद्दाही होता. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने म्हटले की मूळ क्षार आधीच ज्ञात होता, आणि वाहणे, टिकणे, ओल न धरणे या सोयीच्या गोष्टींनी रोगावरील परिणाम वाढल्याचे सिद्ध होत नाही. कायद्याचे 3(ड) हे कलम ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाला परिणामकारकतेची कसोटी लावते, ती येथे प्रथमच एवढ्या काटेकोरपणे लागली. हळद आणि हे औषध यांत काही साम्य नाही. युक्तिवादांत मात्र आहे : द्रव्य जुने, रूप वेगळे, म्हणून हक्क नवा.

त्याच कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेले आणखी एक उपकलम थेट हळदीच्या प्रकरणाची सावली वाटते. पारंपरिक ज्ञान, किंवा परंपरेने ज्ञात असलेल्या घटकांच्या ज्ञात गुणधर्मांची केवळ बेरीज वा पुनरावृत्ती, हा शोध मानू नये, असे ते सांगते. ‘ज्ञात’ हा शब्द तेथेही पाठ सोडत नाही.

कागदाची ही सक्ती सर्व देशांत सारखी नव्हती. युरोपच्या कायद्यात तोंडी माहिती आणि प्रत्यक्ष वापर, मग तो जगात कोठेही झालेला असो, पूर्वज्ञान ठरतो. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचा कृषी विभाग आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना 1994 मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. त्याविरुद्धच्या सुनावणीत महाराष्ट्रातील शेतांवर, पुणे आणि सांगली जिल्ह्यांत, 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात झालेल्या चाचण्यांची साक्ष पुढे आली. 10 मे 2000 रोजी ते पेटंट रद्द झाले आणि 8 मार्च 2005 रोजी अपीलही फेटाळले गेले. अमेरिकेने आपल्या कायद्यातील भौगोलिक भेद 16 मार्च 2013 पासून काढला. आता उदगिरातील वापरही तत्त्वतः मोजला जाईल, मात्र कोणी, केव्हा आणि कोठे, हे सांगता आले तरच.

हळदीच्या विजयानंतर प्रत्येक पेटंटसाठी पुन्हा ग्रंथालये धुंडाळण्याची पाळी येऊ नये म्हणून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या परंपरांतील ग्रंथांची सूत्रे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या 5 भाषांत मांडून ती परदेशी परीक्षकांना पाहू देण्यात आली. काम मोठेच आहे. पण त्याचा कच्चा माल ग्रंथ हाच आहे. ग्रंथात न उतरलेले, सासूकडून सुनेकडे गेलेले ज्ञान या जाळ्यातूनही निसटतेच. आणि एखादे द्रव्य कोणत्या सोबत्याशिवाय वापरायचे नाही, हे बहुधा त्याच निसटलेल्या भागात असते.

अंगभूत गुणाची गोष्ट अजून एका दाराने मराठवाड्यात परतली आहे. उदगीरच्या थेट उत्तरेला वसमत आहे, आग्नेयेला बीदर. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरच्या बिदरीकामाला ते आधीच मिळालेले आहे. पेटंटमध्ये जो गुण ‘तो तर पदार्थातच होता’ म्हणून हक्काच्या आड येतो, तोच येथे हक्काचा पाया होतो. माल त्या भूमीतून आल्यामुळेच त्याच्या अंगी हा गुण आहे, किंवा त्याचा लौकिक त्या भूमीशी बांधलेला आहे, असे 1999 च्या कायद्यानुसार दाखवावे लागते. बिदरीत तर रसायनच बोलते : जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूला नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील माती लावली की धातू काळा पडतो आणि चांदीची नक्षी तशीच उजळ राहते. ही किमया कोणा एकाच्या नावावर नाही.

या मानांकनाच्या अर्जात मालाचे वर्णन, प्रदेशाचा नकाशा, उत्पादनाची पद्धत अशी अनेक माहिती द्यावी लागते. कंद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे हे सारे वसमतच्या शेतकऱ्याला डोळे मिटून सांगता येते. त्याच अर्जात ‘उगमाचा पुरावा’ असाही एक भाग असतो. तो भरण्यासाठी लागतात जुनी कागदपत्रे.